तुतारीचे मुख

मराठी वाङ्मयात तुतारीस जो मान मिळाला तो दुसऱ्या कोणत्याही धातुवाद्यास मिळालेला नाही. केशवसुतांनी १८९३ साली त्या नावाची कविता लिहिली, आणि तेव्हापासून नव्या विचाराची द्वाही फिरविणाऱ्यास तुतारी फुंकणारा म्हणण्याची रूढीच आमच्याकडे पडून गेली. तथापि या गौरवात वाद्याच्या एकाच टोकाचा विचार झालेला दिसतो. नाद जेथून बाहेर पडतो त्या रुंद तोंडाकडे सर्वांची दृष्टी जाते. तो जेथे जन्मास येतो त्या अरुंद टोकाकडे क्वचितच कोणी पाहतो. वाजविणाऱ्याचे ओठ ज्या लहानशा वाटीसारख्या भागास टेकतात त्यास बँडवाले ‘माउथपीस’ म्हणतात. शिंगा-कर्ण्यांच्या संदर्भात हा शब्द कानास थोडा खटकतो, म्हणून या लेखात आम्ही त्यास नुसते ‘मुख’ म्हणणार आहोत. हे मुख कसे निवडावे, हा प्रश्न वरवर पाहता वाजंत्र्यांचा, फार तर वाद्ये विकणाऱ्या दुकानदारांचा वाटेल. पण थोडे खोल गेल्यास त्यात एक इतिहास आढळतो, आणि तो पुण्याच्या उत्तरेस पवना, इंद्रायणी व भामा या नद्यांच्या आसमंतात, म्हणजे पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या प्रदेशात, पायरीपायरीने वाचता येतो असे आमचे मत आहे.

प्रथम या मुखाचे कार्य पाहू. बासरीत फुंकरीचा झोत कडेवर आपटून नाद होतो. सनईत ताडाची किंवा वेताची पत्ती कापते. पण शिंग, कर्णा, बिगुल, ट्रंपेट या वाद्यांत पत्ती अशी वेगळी नसतेच. माणसाचे दोन ओठ हीच तेथील जिवंत पत्ती होय. ओठ आवळून त्यांतून श्वास सोडला की ते कंप पावतात, आणि तो कंप नळीतल्या हवेस मिळतो. परंतु नळीतील हवा वाटेल तो कंप स्वीकारीत नाही. तिच्या लांबीस मानवतील असे मोजकेच स्वर ती उचलून धरते, आणि ओठांसही त्याच स्वरांवर येण्यास भाग पाडते. ओठांची इच्छा आणि धातूचा स्वभाव यांची तडजोड ज्या जागी होते ती जागा म्हणजे मुख. या दृष्टीने पाहता वाद्याचे रूप लोहार-तांबटाने ठरविले तरी त्याची वाणी मुखाने ठरते, असे म्हणण्यास हरकत नाही.

या मुखाचे चार भाग मानता येतात. ओठांस टेकणारी गोल कड, तिच्या आतला पेला, पेल्याच्या तळाशी असलेले बारीक छिद्र म्हणजे गळा, आणि गळ्यापासून नळीपर्यंत हळूहळू रुंदावत जाणारी वाट. पेला उथळ असला की आवाज तेजस्वी व भेदक होतो. खोल असला की तो घुमट आणि मऊ होतो. फ्रेंच हॉर्न या पाश्चात्त्य वाद्याचा पेला तर नरसाळ्यासारखा निमुळता असतो, व त्याच्या धुक्यातून आल्यासारख्या मृदू स्वराचे एक कारण तेच आहे. कड रुंद असली तर ओठांवरील भार पसरतो व दम टिकतो, पण ओठांची चपळाई कमी होते. अरुंद असली तर उलट. गळा मोठा केला तर आवाजास भरणा येतो, मात्र श्वास फार खर्ची पडतो. ट्रंपेटच्या पेल्याचा आतील व्यास साधारणतः १६ ते १७ मिलिमीटर, ट्राँबोनचा सुमारे २५, आणि अगडबंब ट्यूबाचा सुमारे ३२ असतो. एवढ्याशा मापात अर्ध्या मिलिमीटरचा फरकसुद्धा ओठांस पायात रुतणाऱ्या खड्याप्रमाणे जाणवतो, हे वाजविणारेच जाणतात.

आता इतिहासाकडे वळू. ओठांनी वाजविण्याचे आमच्याकडील आद्य वाद्य शंख. त्यास धातूही लागत नाही आणि वेगळे मुखही लागत नाही. शंखाचे टोक घासून छिद्र मोकळे केले की झाले. गीतेच्या पहिल्या अध्यायात प्रमुख वीरांपैकी काहींच्या शंखांस स्वतंत्र नावे दिली आहेत, ते आम्हांस अर्थपूर्ण वाटते. कोणतेही दोन शंख सारखे नसतात, म्हणून कोणाचा शंख वाजला ते दुरून ओळखता येत असले पाहिजे. शंखानंतर जनावराचे शिंग, आणि शिंगावरून धातूचे शिंग, हा क्रम नावावरूनच स्पष्ट होतो. तेराव्या शतकात देवगिरीस सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याच्या वाद्याध्यायात बासरीच्या बरोबरीने काहला, शृंग व शंख यांची गणना सुषिर वाद्यांत केलेली आहे. काहला तांब्याची, रुप्याची किंवा सोन्याची करावी आणि तिचे तोंड धोत्र्याच्या फुलासारखे असावे, असे तो सांगतो. पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त बादशाही नक्कारखान्याचे वर्णन केले, त्यात कर्णा आहे, नफीर आहे, आणि गाईच्या शिंगाच्या आकाराचे पितळी शिंगही आहे. कर्णे चारांहून कमी कधी वाजवीत नसत आणि शिंगे दोन दोन वाजवीत, ही त्याने दिलेली माहिती लक्षात ठेवण्याजोगी आहे. ही वाद्ये गाण्यासाठी नव्हती. ती समूहाने दरारा उत्पन्न करण्यासाठी होती.

महाराष्ट्रातील शिंग अथवा तुतारी तांब्या-पितळेचा पत्रा वळवून, सांधे झाळून करतात. अर्धवर्तुळाकार दोन तुकडे एकमेकांत बसवून त्यांस चंद्रकोरीचा किंवा नागमोडी आकार देण्याची पद्धत आहे. कर्णा मात्र सरळ व लांब. या वाद्यांचे मुख बहुधा नळीच्या टोकाशीच कायमचे जडवलेले असते, आणि त्याचा पेला उथळ, बशीसारखा असतो. ही गोष्ट क्षुल्लक दिसते, पण तिचा परिणाम मोठा आहे. मुख जेथे काढता येत नाही तेथे ते निवडण्याचा प्रश्न वाजविणाऱ्यापुढे उद्‌भवतच नाही. त्या मुखाशी ज्याचे ओठ जुळतील त्याच्या हाती वाद्य जायचे, आणि ज्याचे जुळणार नाहीत त्याने दुसरे काम पाहावयाचे. तेव्हा निवड होत होतीच. फक्त वाद्य माणसास निवडीत होते, माणूस वाद्यास नव्हे. वाजंत्र्यांचे काम वंशपरंपरेने चालत असताना मुलाचे ओठ लहानपणापासून त्याच शिंगावर घडत, आणि मग ही निवड कोणास जाचकही वाटत नसावी.

उथळ मुख कशासाठी, हे समजण्यास त्या वाद्याचे काम पाहिले पाहिजे. शिंग हे मुख्यतः इशारतीचे साधन. त्याने राग आळवावयाचा नसतो. दोन-तीन स्वर फेकावयाचे आणि ते लांबवर पोचवावयाचे, एवढेच. चाकणच्या भुईकोट किल्ल्यास, म्हणजे संग्रामदुर्गास, १६६० सालच्या जूनमध्ये शाइस्ताखानाने वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा याने भर पावसाळ्यात सुमारे दोन महिने तो लढविला, आणि ऑगस्टच्या मध्यास सुरुंगाने बुरूज उडाल्यानंतरच किल्ला मोगलांच्या हाती गेला. अशा युद्धात पावसाच्या सरी, तोफांचे बार आणि माणसांचा कालवा यांवर मात करून हुकूम पोचवावयाचा तर जी साधने त्या काळी उपलब्ध होती त्यांत नौबत आणि शिंग हीच प्रमुख होत. घुमट, मऊ आवाज तेथे काय कामाचा? तेथे कर्कश म्हणावा इतका भेदक नाद हवा, आणि तो उथळ पेलाच देतो. आज चाकणच्या तटाचे अवशेष कारखान्यांकडे जाणाऱ्या वाहनांच्या गर्दीजवळच उभे आहेत. तेथील आवाजाची भर पाहिली म्हणजे शिंगाचा भेदकपणा किती सार्थ होता हे सहज ध्यानात येते.

रणातील इशारत संपली, पण देवाच्या दारची संपली नाही. देहूहून तुकोबांची पालखी पंढरपुरास नेण्याचा प्रघात नारायणमहाराजांनी १६८५ साली घातला. आळंदीच्या माउलींच्या सोहळ्यास आजचे रूप हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात दिले. ज्येष्ठ वद्यात या पालख्या निघतात, आणि तुकोबांची पालखी आकुर्डीस मुक्काम करून पिंपरी, दापोडी या मार्गाने, म्हणजे ऐन कारखान्यांच्या प्रदेशातून, पुण्याकडे जाते. माउलींच्या सोहळ्यात मुक्कामावरून हलताना कर्ण्याचा इशारा तीन वेळा देण्याची शिस्त आहे. पहिल्याने आवराआवर, दुसऱ्याने दिंड्यांनी आपापल्या जागी लागणे, आणि तिसऱ्याने प्रस्थान. लाखोंचा समुदाय तीन फुंकरींवर हलतो. येथेही वाद्याकडून माधुर्याची अपेक्षा नाही, स्पष्टतेची आहे. देवाचे नाव घेणाऱ्या मधुर गळ्यांना टाळ-मृदंगाची साथ असते. चाल करण्याची आज्ञा मात्र धातूच्या त्या उथळ मुखातून येते.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि या प्रदेशाच्या कानी दुसराच नाद येऊ लागला. तो बिगुलाचा. पुणे, खडकी आणि पुढे देहू रोड येथील लष्करी वस्त्यांचा दिवस बिगुलावर उठे आणि बिगुलावर निजे. बिगुलही शिंगाप्रमाणेच इशारतीचे वाद्य. त्याचे उपयोगात येणारे स्वरही जेमतेम पाच. पण एका बाबतीत तो शिंगाहून मूलतः निराळा आहे. त्याचे मुख काढता-घालता येते, आणि ते हरवू नये म्हणून पुष्कळदा बारीक साखळीने वाद्यास अडकविलेले असते. ही साखळी आम्हांस एका युगाच्या सीमेवरील खूण वाटते. मुख वाद्यापासून वेगळे झाले याचा अर्थ ते बदलता येऊ लागले; बदलता येऊ लागले याचा अर्थ निवडता येऊ लागले. पलटणीतील शिपायास ती निवड करण्याची मुभा नव्हती, हे खरे. सरकारी कोठारातून जे मिळेल ते त्याने ओठांस लावावयाचे. पण दार उघडले होते.

ते दार पुरते उघडले ते व्हॉल्व्हच्या कळांनी. १८१८ साली प्रशियात श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी या कळांचे पेटंट घेतले. कळ दाबली की नळीची लांबी बदलते, व त्यामुळे पूर्वी चार-पाच स्वरांत अडकलेले वाद्य सर्व स्वर गाऊ लागले. इशारतीचे वाद्य गाण्याचे झाले. मराठी राजांपैकी या पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे मर्म ज्यांनी लवकर ओळखले त्यांत तंजावरचे दुसरे सरफोजी राजे अग्रगण्य होत. १७९८ ते १८३२ या त्यांच्या कारकिर्दीत तंजावरच्या दरबारी युरोपीय पद्धतीचा बँड उभा राहिला. उत्तरेत मेरठ येथे १८८५ साली नादिर अली यांच्या नावाची पेढी निघाली, आणि पुढे मेरठची जली कोठी हा भाग बँडच्या वाद्यांचे माहेरघर बनला. गोव्यात चर्चच्या शाळांतून संगीताचे धडे घेतलेले वादक मुंबईस येऊन पोलिसांच्या बँडपासून चित्रपटांच्या वाद्यवृंदांपर्यंत सर्वत्र पसरले. हळदोण्याचे आंतोनियो वाझ, ज्यांस जग ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखते, यांचा ट्रंपेट आमच्या सी. रामचंद्रांच्या संगीतात मिसळला. पुण्यात प्रभात, दरबार यांसारखे बँड गणेशोत्सवाच्या मिरवणुकीचे भूषण ठरले. ज्या धातूच्या नळीने पूर्वी फक्त हुकूम दिला ती आता लग्नघरी गाणी वाजवू लागली.

येथे आमच्या मुख्य प्रश्नाने उग्र रूप धारण केले. गाणे वाजवावयाचे तर आवाज केवळ भेदक असून भागत नाही. तो वळला पाहिजे, थरथरला पाहिजे, हळू झाला पाहिजे. तास दोन तास मिरवणुकीत चालत वाजवावयाचे तर ओठ टिकले पाहिजेत. लग्नसराईत दिवसाला दोन वराती वाजविणाऱ्या माणसाच्या बाबतीत मुखाची निवड ही अभिरुचीची गोष्ट न राहता पोटाची गोष्ट होते. न जुळणारे मुख लावून उंच स्वर काढावयाचा तर मनुष्य ते ओठांवर जोराने दाबतो. दाबल्याने ओठांतील रक्तप्रवाह अडतो, ओठ सुजतात, बधिर होतात, आणि असे वर्षानुवर्षे चालल्यास ओठांचा स्नायू कायमचा दुखावतो. लुई आर्मस्ट्राँगसारख्या जगन्मान्य ट्रंपेटवादकास १९३५ च्या सुमारास ओठांच्या दुखण्यामुळे काही महिने वादन थांबवावे लागले होते. त्याच्यामागे नाव होते, पैसा होता, विश्रांतीची सोय होती. आमच्याकडील बँडमधल्या पोरास जुन्या वाद्याबरोबर जे मुख आले तेच लावावे लागते, मग त्याच्या कडेवरचा मुलामा उडालेला असो वा दांडा ठेचलेला असो. पितळेच्या भांड्यास कल्हई का करतात हे ज्या गृहिणीस ठाऊक आहे तिला उघड्या पितळेवर तासन्‌तास ओठ ठेवणे का बरे नव्हे हे सांगावे लागणार नाही. चांगल्या मुखांवर चांदीचा मुलामा देतात तो केवळ शोभेसाठी नव्हे.

या व्यवहारास शास्त्राची शिस्त कशी लागली याची कथा मनोरंजक आहे. ऑस्ट्रियात १८९० साली जन्मलेला व्हिन्सेंट बाख हा ट्रंपेटवादक १९१४ साली अमेरिकेस गेला. त्याने आपले आवडते मुख एका कारागिराकडे दुरुस्तीस दिले असता ते बिघडले, आणि तसे दुसरे कोठेही मिळेना, असे सांगतात. शेवटी त्याने स्वतःच एक लेथ घेतला आणि १९१८ पासून न्यूयॉर्कमध्ये मुखे कातण्याचा धंदा सुरू केला. त्याचे मोठे कार्य असे की, त्याने मुखांस क्रमांक आणि अक्षरे दिली. क्रमांक जितका लहान तितका पेला रुंद. अक्षर ‘ए’कडे असेल तर पेला खोल, ‘एफ’कडे जाईल तसा उथळ. ट्रंपेट शिकणाऱ्या मुलाच्या हाती जगभर जे ‘७ सी’ मुख देतात त्याचा व्यास १६.२० मिलिमीटर. या मोजमापामुळे एक क्रांती झाली. पूर्वी मुख हे एकेका कारागिराच्या हातचे रहस्य होते. आता ते पत्र पाठवून मागविण्यासारखी वस्तू झाले. आज जे मुख लावले तेच हरवल्यास उद्या पुन्हा मिळेल असा भरवसा वादकास प्रथमच आला.

लेथ हा शब्द उच्चारला की आम्हांस पिंपरी-चिंचवडकडे परत यावे लागते. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. त्यानंतर टेल्को, बजाज यांसारख्या मोठ्या कारखान्यांनी आणि त्यांस सुटे भाग पुरविणाऱ्या असंख्य लहान वर्कशॉपांनी पिंपरी, आकुर्डी, भोसरी येथील माळ भरून गेले. पुढे ही वस्ती चाकणपर्यंत वाढली. या प्रदेशाचा दिवस मग बिगुलावर किंवा काकड्यावर न उगवता पाळीच्या भोंग्यावर उगवू लागला. शिंग, बिगुल आणि भोंगा ही एकाच कुळातील तीन पिढ्यांची नावे आहेत असे आम्हांस वाटते. तिघांचे काम माणसांस हलविणे. फरक एवढाच की भोंग्यास ओठ लागत नाहीत. ज्या मुखातून माणसाचा श्वास जात होता तेथे वाफ व वीज आली, आणि इशारतीतून माणूस नाहीसा झाला. परंतु त्याच वेळी, हे विसरून चालणार नाही, की मुख उत्तम रीतीने घडविण्यास जे कौशल्य लागते, म्हणजे पितळेची सळई लेथवर लावून मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापर्यंत माप सांभाळणे, ते कौशल्य याच भोंग्याच्या राज्यात हजारो हातांस अवगत झाले. पुण्याच्या तांबट आळीत हातोड्याच्या ठोक्यांनी जे मठारकाम होते त्याची बरोबरी लेथ करू शकणार नाही; पण मुखाचा पेला हे ठोक्याचे काम नव्हे, ते कातण्याचेच काम आहे.

मग जुन्या तुतारीलाही असे मापाचे, नवे, सुखकर मुख का लावू नये, असा प्रश्न कोणी विचारील. तो विचारण्याजोगा आहे, आणि त्याचे उत्तर मिसर देशातील एका हकिकतीत मिळते. १९२२ साली हॉवर्ड कार्टर यास तुतनखामेन राजाचे थडगे सापडले. त्यात दोन तुताऱ्या होत्या, एक चांदीची व एक तांब्याच्या मिश्रधातूची. त्यांस वेगळे असे मुख नव्हतेच. नळीच्या टोकाशी केवळ एक कडे होते. १९३९ च्या एप्रिलमध्ये कैरोहून बीबीसीने या तुताऱ्यांचा आवाज जगास ऐकविला. वाजविणारा जेम्स टॅपर्न हा ब्रिटिश पलटणीतील बँडवाला होता, आणि त्याने त्या नळ्यांत आपल्या काळचे मुख बसवून वाजविले. तीन हजारांहून अधिक वर्षांनी प्राचीन मिसरचा नाद ऐकू आला म्हणून श्रोते भारावून गेले. पण पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले की, मुख न लावता त्या तुताऱ्यांतून दोन-तीन स्वरांपलीकडे जाणे कठीण आहे; टॅपर्नने काढलेले सुरेल आलाप त्याच्या मुखाचे होते, राजाच्या तुतारीचे नव्हते. लोकांनी ऐकली ती विसाव्या शतकातील पलटण. थडग्यातील शांतता तशीच राहिली.

आमच्या तुतारीचे असे होऊ नये एवढाच आमचा आग्रह. तुतारी आणि ट्रंपेट यांचा गोंधळ आमच्याकडे शब्दांत तर झालेलाच आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ‘तुतारी वाजवणारा माणूस’ आणि ‘ट्रंपेट’ ही दोन निरनिराळी चिन्हे होती, आणि दुसऱ्यासही मराठीत तुतारीच म्हटले गेल्यामुळे मतदारांचा घोटाळा होतो अशी तक्रार झाली, हे वाचकांस स्मरत असेलच. त्या वादाशी आम्हांस येथे कर्तव्य नाही. शब्दांतला घोटाळा निदान दुरुस्त करता येतो. परंतु तुतारीस ट्रंपेटचे मुख बसविले तर होणारा घोटाळा कानाचा आहे, आणि तो एका पिढीत इतका अंगवळणी पडेल की पुढच्या पिढीस मूळचा नाद कसा होता हे सांगूनही पटणार नाही. आकार चंद्रकोरीचा, वर गोंडे, अंगावर पागोटे व बाराबंदी, आणि आवाज मात्र लग्नाच्या बँडचा, असे दृश्य कल्पनेत आणून पाहावे.

तेव्हा निवडीचा नियम आमच्या मते असा असावा की, वाद्यास काय बोलावयाचे आहे ते आधी ठरवावे आणि मग मुख पाहावे. ज्यास इशारत द्यावयाची आहे, मग तो पालखीपुढचा तुतारीवाला असो वा देवळाच्या नगारखान्यातला, त्याने उथळ व जुन्या घडणीचेच मुख राखावे. तेथे गोडवा आणण्याचा मोह हा वाद्याचा अपमान होय. ज्यास गाणे वाजवावयाचे आहे त्याने ट्रंपेट किंवा युफोनियम घ्यावा आणि मुखाच्या निवडीत संकोच करू नये. नवशिक्याने मध्यम मापापासून सुरुवात करावी. फार रुंद मुखाने आवाज भरदार होतो खरा, पण कच्चे ओठ लवकर थकतात. फार उथळ मुखाने उंच स्वर सोपे वाटतात, पण खालचे स्वर पातळ होतात आणि मुलास खोटा आत्मविश्वास येतो. एक मुख घेतल्यावर ते काही महिने तरी बदलू नये, कारण ओठांस नव्या कडेची ओळख होण्यास वेळ लागतो; दर आठवड्यास मुख बदलणारा वादक मुखास दोष देत राहतो आणि अभ्यास तसाच राहतो. दांडा वाद्याच्या नळीत घट्ट व सरळ बसतो की नाही, कडेस टोक अथवा चीर नाही ना, चांदीचा मुलामा शाबूत आहे की नाही, हे पाहावे. एकाचे मुख दुसऱ्याने, न धुता तरी, वापरू नये. मोठ्या वादकाने अमुक क्रमांकाचे मुख वापरले म्हणून आपणही तेच घ्यावे ही समजूत तर सर्वथा त्याज्य. त्याचे ओठ, त्याचे दात आणि त्याचा दम त्या क्रमांकाबरोबर विकत मिळत नाहीत.

याखेरीज एक काम असे आहे की, ते वादकांचे नसून आम्हां सुशिक्षितांचे आहे. देवळांच्या नगारखान्यांत, जुन्या वाड्यांत, आणि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी जुनी वाद्ये आहेत. त्यांचे वर्णन करताना आपण लांबी लिहितो, धातू लिहितो, नक्षीचे छायाचित्र घेतो. यापुढे त्यांच्या मुखांचीही मापे घेतली पाहिजेत. कडेची रुंदी, पेल्याचा व्यास, त्याची खोली, गळ्याचे छिद्र, एवढे चार आकडे प्रत्येक शिंगामागे लिहून ठेवले तरी पुरे. त्यासाठी परदेशी यंत्र नको. भोसरीच्या कोणत्याही वर्कशॉपातील फिटर आपल्या खिशातील व्हर्नियरने हे काम एका दुपारी करून देईल, आणि मापे मिळाली की तशाच मुखाची हुबेहूब प्रत पितळेत कातून देणेही त्याच्या आवाक्याबाहेरचे नाही. चिंचवड, आळंदी किंवा चाकण येथील एखाद्या महाविद्यालयाने अशी एक यादी हाती घेतली तर इतिहासाचा विद्यार्थी आणि लेथवरचा कारागीर प्रथमच एका मेजापाशी बसतील. ज्या शिंगांची मुखे झिजली आहेत किंवा तुटली आहेत त्यांस मूळच्या मापाचे नवे मुख मिळेल, आणि वारीच्या पहाटे होणारा तिसरा इशारा आजोबांनी ऐकला तसाच नातवासही ऐकावयास मिळेल.